हाडांची वाढ आणि प्रकाशाचा संदेश

हाड म्हणजे शरीराचा निर्जीव सांगाडा, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः हाड सजीव असते. अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात, अस्थिभक्षक पेशी जुने हाड काढून टाकतात आणि हे कार्य आयुष्यभर चालू राहते. कोणत्या पेशीने केव्हा काय करावे, हे रासायनिक संदेशांनी ठरते. या संदेशांवर प्रकाशाचीही सत्ता चालते.

उन्हातील अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथे 'ड' जीवनसत्त्व तयार होते. यकृत व मूत्रपिंड यांत त्याला कार्यक्षम रूप येते आणि ते आतड्यातील पेशींना अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्याचा संदेश देते. हा संदेश अपुरा पडल्यास वाढत्या मुलांची हाडे मऊ राहून वाकतात. हाच मुडदूस होय. बर्लिन येथील डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने मुडदूस बरा करून दाखविला. प्रकाश एकाच हातावर टाकला असताही दुसऱ्या हाताची हाडे सुधारली. म्हणजेच संदेश रक्तावाटे पोहोचला होता.

हाडांच्या वाढीचे काही संदेश प्रथिनेही देतात. अमेरिकेतील डॉ. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली, क्षार काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा प्राण्याच्या स्नायूत ठेवल्यास तेथे नवे हाड तयार होते, असे सिद्ध केले. पुढे या क्रियेमागील प्रथिने ओळखली गेली. २०२० साली मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी अशा प्रथिनांचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकांना शेवाळातील प्रकाशसंवेदी प्रथिन जोडले. निळा प्रकाश पडताच ते ग्राहक एकत्र येतात आणि संदेश पेशीकेंद्रात पोहोचतो. प्रकाश कमी-अधिक करून संदेशही कमी-अधिक करता येतो. हाडे व कूर्चा कशा घडतात, याच्या अभ्यासास ही पद्धत उपयुक्त आहे.

तथापि हा प्रयोग मुद्दाम बदललेल्या मानवी पेशींवर प्रयोगशाळेत झाला आहे. सामान्य निळ्या दिव्याने हाडे बळकट होतात, असा त्याचा अर्थ नव्हे.

पेडणे व डिचोली तालुक्यांत सूर्यप्रकाश विपुल आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असताना त्वचेत 'ड' जीवनसत्त्व चांगले तयार होते. येथे डिसेंबरातही दुपारी सावली तेवढी आखूड असते. शिक्षकांनी शाळेच्या पटांगणात काठी रोवून मुलांना हे प्रत्यक्ष दाखवावे. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन मात्र या कामी निरुपयोगी ठरते, कारण काच आवश्यक किरण अडविते. पावसाळ्यात ढगांमुळे आणि घरात राहिल्यामुळे ऊन कमी मिळते. त्वचा भाजेपर्यंत उन्हात बसणे सर्वथा अयोग्य होय; थोडा वेळ, पण नियमितपणे ऊन घ्यावे. आहारात बांगडा, तारली व अंडी यांतून 'ड' जीवनसत्त्व, तर नाचणी व दूध यांतून कॅल्शियम मिळते.

मुलाचे पाय वाकत असल्यास किंवा चालण्यास फार उशीर होत असल्यास त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. 'ड' जीवनसत्त्वाची औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांचा अतिरेक अपायकारक असतो. वाढीच्या वयात हाडांकडे दिलेले लक्ष पुढे जन्मभर उपयोगी पडते.