रबराचा लेप : आधी चाचणी, मग फवारणी

नवा ट्रॅक्टर दारात आला की हौस असतेच. पण उसाच्या फडात एक हंगाम काढला की बॉनेट-मडगार्डवर ओरखडे उठतात. पुढे ट्रॅक्टर विकायला काढला की व्यापारी आधी रंगावरच बोट ठेवतो. त्यावर उपाय म्हणून रबराचा लेप मिळतो. तो रंगावर फवारायचा आणि नकोसा झाला की सालीसारखा सोलून काढायचा. अमेरिकेचा ‘प्लास्टी डिप’ हा त्यातलाच. मात्र डब्यावरचे चित्र पाहून एकदम सारे बॉनेट फवारू नका. आधी दोन चाचण्या घ्या.

पहिली चाचणी जुन्या रंगाची. पत्रा साबणाच्या पाण्याने धुवा, तेल-ग्रीस काढा, पूर्ण वाळू द्या. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे टवके आले, तर लेप सोलताना रंगही जाणार हे समजा. गॅरेजमधून नुकताच रंग मारून आणला असेल तर तो पुरता पक्का होईपर्यंत थांबा. लेपातले द्रावण कच्चा रंग उचलते.

दुसरी चाचणी जाडीची. मडगार्डच्या आतल्या बाजूला, नजरेत न येणाऱ्या जागी, चार-चार बोटांचे तीन चौकोन घ्या. पहिल्यावर दोन, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर सहा हात मारा. बाजूचे चौकोन पुठ्ठ्याने झाका. डबा चांगला हलवा, १५ ते २० सें.मी. लांब धरा आणि हात सारखा फिरता ठेवा. पहिला हात विरळच असावा, खालचा रंग दिसेल इतका. दोन हातांमध्ये १५-२० मिनिटे जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी कोपरा नखाने उचलून सोला. पातळ लेपाचे तुकडे पडतील, जाड लेप सलग निघेल. जो सलग निघाला, तेच तुमचे माप. लेप पातळ झालाच तर खरवडत बसू नका. त्यावरच आणखी दोन-तीन हात मारा, वाळवा आणि मग सोला.

फवारणी सकाळी, सावलीत, वारा नसताना करा. कडक उन्हात थेंब हवेतच वाळतात आणि लेप खरखरीत होतो. पावसाळी दमट हवेत तो पांढुरका पडतो. मोठ्या कामात कडेला चिकटपट्टी लावली असेल तर शेवटचा हात ओला असतानाच ती काढा, नाहीतर कड फाटते.

पेट्रोल सांडले की हा लेप विरघळतो. म्हणून इंधन टाकीचे तोंड सोडा. सायलेन्सर, दिवे आणि नंबरप्लेटवरही तो नको. द्रावण पेट घेते, तेव्हा बिडी-काडी दूर ठेवा आणि काम उघड्यावरच करा.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे : वाहनाचा रंग नोंदणीत लिहिलेला असतो. पंचायतीच्या टँकरचा रंग लेपाने बदलणार असेल तर आधी आर.टी.ओ.कडे विचारा. नुसते रंगाचे रक्षणच हवे असेल तर रंगहीन लेप घ्यावा.

चाचणीला एक दिवस आणि थोडा लेप जातो. पण मूळ रंग एकदा गेला, तर पत्रा घासून नव्याने रंगवण्याचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल.