लाड बंधूंचा ठेवा

घाटकोपर-मुलुंडचे असोत की अंधेरी-बोरिवलीचे, आपण उपनगरांतले लोक मुलांना घेऊन राणीच्या बागेत जातो ते हत्ती आणि पेंग्विन पाहायला. भायखळ्याच्या त्या फाटकाजवळच एक देखणी जुनी इमारत आहे. पुष्कळजण तिच्यावरून तसेच पुढे जातात. ते डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय, मुंबईतलं सर्वांत जुनं. आज मला भाऊ दाजींबद्दल आणि त्यांच्याहून कमी ठाऊक असलेले त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्याबद्दल बोलायचं आहे. एकानं वस्तू जपणारं घर उभं करायला हात लावला. दुसऱ्यानं माणसांचे चेहरे जपले.

लाड कुटुंब मूळचं गोव्याचं. परिस्थिती बेताची. मातीच्या बाहुल्या विकून संसार चाले. मुलाची बुद्धिबळातली चमक पाहून एका इंग्रज गृहस्थानं वडिलांना सांगितलं, याला इंग्रजी शिकवा. तो मुलगा म्हणजे रामकृष्ण विठ्ठल लाड, अर्थात भाऊ दाजी. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत ते होते. पाठोपाठ नारायणरावही डॉक्टर झाले. भाऊंनी गरिबांना मोफत औषधं दिली, कुष्ठरोगावर उपचार शोधले, अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासावर निबंध लिहिला. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

आता फोटोग्राफीकडे वळू. ही विद्या युरोपात १८३९ मध्ये जाहीर झाली आणि पंधरा वर्षांतच, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. दोघेही बंधू तिच्यात होते. तेव्हा फोटो काढणं म्हणजे काय दिव्य होतं, ते आजच्या मोबाइलवाल्या पिढीला सांगायला हवं. काचेच्या तुकड्यावर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यायचा. मग ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल बसवायचं आणि काच सुकायच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. सुकली की सगळी मेहनत वाया. त्यात मुंबईचा उन्हाळा! गंमत म्हणजे हेच कलोडियन डॉक्टर लोक जखमेवर लावत. औषधांच्या बाटल्यांशी सलगी असलेली मंडळी या छंदात पुढे असावीत, यात नवल नाही.

नारायणरावांनी कॅमेरा वळवला तो मुंबईत दिसणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या माणसांकडे. १८५७ साली त्यांनी सोसायटीपुढे सुमारे तीस छायाचित्रं मांडली. त्याच सुमारास निघणाऱ्या ‘द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’मध्येही त्यांची छायाचित्रं आली.

संग्रहालयाची कथा तर याहून नाट्यमय आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी इथल्या कारागिरीचे नमुने गोळा झाले. त्यांतल्या वस्तूंचा संग्रह किल्ल्यातल्या टाऊन बराकीत मांडला गेला. १८५७ चा उठाव झाला, बराक सैनिकांना हवी झाली आणि त्या वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. बऱ्याच नष्ट झाल्या. मग डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि भाऊ दाजी हे दोघे समितीचे चिटणीस झाले. लोकांकडून देणग्या मिळवून, वस्तू पुन्हा जमवून त्यांनी काम नव्यानं उभं केलं. १८६२ साली पायाभरणी झाली. पण १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात भाऊंची पुंजी बुडाली, पुढे पक्षाघातानं त्यांना गाठलं. १८७२ साली संग्रहालय लोकांना खुलं झालं आणि दोनच वर्षांत भाऊ गेले.

इमारतीला नाव मिळालं होतं ते व्हिक्टोरिया राणी आणि तिचा पती अल्बर्ट यांचं. भाऊ दाजींचं नाव तिथं लागलं ते १९७५ साली, म्हणजे १०३ वर्षांनी. पुढे इमारतीची फार निगुतीनं डागडुजी झाली. तिला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आज आत मुंबईच्या जमातींचे, त्यांच्या पगड्यांचे आणि टोप्यांचे मातीचे नमुने मांडलेले आहेत. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाचं नाव असलेल्या घराला हे शोभून दिसतं.

पण नाव उशिरा का होईना, भाऊंना मिळालं. त्या काळच्या छायाचित्रांतल्या माणसांचं काय? त्यांच्याखाली जात लिहिलेली असते, धंदा लिहिलेला असतो, नाव नसतं. तो समोर बसलेला माणूस कुणाचा तरी बाप होता, कुणाचा तरी मामू होता. काही सेकंद श्वास रोखून तो आपल्यासाठी बसला आणि आपण त्याला फक्त ‘जमात’ म्हणून ओळखतो. कवीला हे बोचतं, कारण कविता नावापासूनच सुरू होते.

हे दूरचं दुःख समजू नका. माझ्या दादीचा एकच फोटो आमच्याकडे आहे, हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला. एरवी ती कॅमेऱ्यापुढे यायला राजी नसे. दुसऱ्या एका फोटोत पाच बायका ओळीनं बसल्या आहेत. त्यांतल्या दोघींना ओळखणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. आपल्या उपनगरांत चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. सामान हलवताना पत्र्याच्या ट्रंकेतला आल्बम आधी भंगारात जातो. १८५७ साली बराकीतून जे बाहेर फेकलं गेलं, त्याची धाकटी आवृत्ती आपल्या गल्लीत रोज घडते आहे.

म्हणून एक साधं काम सुचवतो. घरातल्या जुन्या फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, गाव लिहा, माहीत असेल तर साल लिहा. पेन वापरू नका, शाई उमटते. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर शेजारी बसवून विचारून घ्या: ही कोण, हा कुणाचा कोण? त्यासाठी शेरीफ व्हावं लागत नाही. दोन तास लागतात, आणि विचारायला कुणीतरी उरलेलं असावं लागतं.