थेट सरपंच, अमेरिकेचा अध्यक्ष आणि बाबासाहेबांची वही

सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांत बहुमत दुसऱ्या पॅनलचे, असा निकाल लागला की गावाचे पुढे काय होते, हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. मासिक सभेत विषय अडतात, कोरमसाठी माणसे गोळा होत नाहीत, मंजूर कामाची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. दोघेही म्हणतात, आम्हाला लोकांनीच निवडून दिले. आणि दोघांचेही खरे असते.

तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, राणी उंचेगाव या पट्ट्यातली मुले हे सगळे घरी, पारावर, हॉटेलात ऐकत मोठी होतात. पुढे त्यांतली काही बी.ए.ला राज्यशास्त्र घेतात आणि अभ्यासक्रमात ‘अमेरिकेची शासनव्यवस्था’ येते. वहीत उतरते ते असे: लिखित संविधान, ताठर संविधान, संघराज्य, अध्यक्षीय पद्धती, सत्ताविभाजन, नियंत्रण व समतोल, न्यायालयीन पुनर्विलोकन. ही वैशिष्ट्ये पाठ होतात, पेपरात लिहिली जातात आणि निकालानंतर विसरली जातात. आपण गावात जे पाहिले तेच या प्रकरणात आहे, हे त्या मुलाला कुणी सांगत नाही. मला हे फार मोठे नुकसान वाटते.

महाराष्ट्राने २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायचे ठरवले. २०२० मध्ये ती पद्धत काढून टाकली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली. नगराध्यक्षांच्या बाबतीतही असेच झाले: कधी नगरसेवकांनी निवडायचे, कधी मतदारांनी. तीर्थपुरी आता नगरपंचायतीचे गाव आहे, त्यामुळे हा प्रश्न तिथेही दारात उभा आहे. वर्तमानपत्रांनी त्याकडे या पक्षाचा फायदा, त्या पक्षाचा तोटा एवढ्याच नजरेने पाहिले. खरे तर कार्यकारी प्रमुख सभागृहाच्या विश्वासावर टिकावा की लोकांच्या स्वतंत्र कौलावर, हा १७८७ साली फिलाडेल्फियात चर्चिला गेलेला प्रश्नच आपण गावपातळीवर सोडवू पाहत आहोत.

अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. अध्यक्ष चार वर्षांसाठी. काँग्रेसमध्ये बहुमत विरोधकांचे आले तरी तो पदावर राहतो. त्याला काढायचे तर महाभियोग, आणि त्यासाठी सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१) यांच्यावर प्रतिनिधिगृहाने महाभियोग लावला, पण सिनेटने एकालाही पदावरून दूर केले नाही. आपल्याकडेही थेट सरपंचावर अविश्वास आणायचा तर सदस्यांच्या मोठ्या बहुमताला ग्रामसभेच्या कौलाची जोड लागते. पद स्थिर करायचे म्हटले की काढणे अवघड करावेच लागते. आणि मग अडवणूक आली. अमेरिकेत खर्चाचे विधेयक अडले की केंद्र सरकारचा कारभारच थांबतो. २०१८-१९ च्या हिवाळ्यात तो ३५ दिवस थांबला, २०२५ मध्ये ४३ दिवस. लाखो कर्मचारी पगाराविना राहिले. आपल्या फिरणाऱ्या फाइलचेच हे मोठे रूप आहे.

या सगळ्याचा निवाडा मराठी माणसाने एकदा संविधान सभेपुढे केलेला आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेची आणि इंग्लंडची पद्धत शेजारी ठेवून तोलली. त्यांचा मुद्दा असा: लोकशाहीतल्या सरकारला स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते. तिथे कारभाराचा हिशोब ठरावीक मुदतीने, मतदाराकडून होतो. संसदीय पद्धतीत तो रोज होतो, प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वासाच्या प्रस्तावातून, आणि मुदतीनंतर निवडणुकीतही होतो. भारतासारख्या देशात रोजचा हिशोब अधिक गरजेचा, म्हणून मसुदा समितीने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले.

हे ऐकून कुणाला वाटेल की बाबासाहेबांना अमेरिकेची पद्धत नकोशी होती. तसे नव्हते. दीडच वर्षापूर्वी, १९४७ मध्ये, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी देशाला ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’ म्हटले होते आणि विधिमंडळाच्या मुदतीत हटवता न येणारे मंत्रिमंडळ सुचवले होते. जातीय बहुमताच्या हाती रोजचा हिशोब गेला तर अल्पसंख्याकांचे काय, ही चिंता त्यामागे होती. एकच माणूस, दोन मांडण्या. पण दोन्हीत प्रश्न तोच. पद्धत कुठलीही असो, ती दुबळ्या माणसाला काय देते?

हा प्रश्न विचारायची सवय त्यांना लागली त्यात न्यूयॉर्कचा वाटा मोठा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ च्या उन्हाळ्यात लंडनला गेले. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर झेलियट यांनी त्यांच्या अभ्यासक्रमांची नोंद दिली आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे अवघे ३. मला ही यादी फार बोलकी वाटते. अमेरिकेच्या संस्था त्यांनी राज्यशास्त्राच्या एका पेपरापुरत्या वाचल्या नाहीत. एडविन सेलिग्मन यांच्याकडे करआकारणी, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्याकडे इतिहास आणि जॉन ड्युई यांच्याकडे लोकशाहीचे तत्त्वज्ञान ते शिकले. लोकशाही ही केवळ सरकारची तऱ्हा नसून माणसांनी एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार पुढे १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातीच्या संदर्भात आला. कोलंबियाने त्यांना ५ जून १९५२ रोजी सन्मान्य पदवी दिली, तेव्हा ड्युईंना जाऊन चारच दिवस झाले होते.

अमेरिकेच्या मूल्यांचे कौतुक करताना तिच्या जखमेकडेही पाहायचे, ही मराठी परंपरा बाबासाहेबांच्याही आधीची आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. अमेरिकेत गुलामी कायद्याने बंद झाली १८६५ मध्ये, म्हणजे जेमतेम आठ वर्षांपूर्वी. पुण्यातल्या माणसाने ती बातमी आपली मानली. ज्या संविधानाने १७८७ साली प्रतिनिधित्वाच्या हिशोबात गुलाम माणूस तीनपंचमांश मोजला, त्याच संविधानात १८६८ साली कायद्यापुढील समान संरक्षणाची चौदावी दुरुस्ती आली. तरीही काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा न्यायालयाने बेकायदा ठरवायला १९५४ साल उजाडले. बाबासाहेब शिकत होते त्या विद्यापीठाला लागूनच हार्लेम, कृष्णवर्णीयांची वस्ती. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अस्पृश्यांचे आणि त्यांचे दुःख किती सारखे आहे, हे त्या पत्रात त्यांनी लिहिले आणि डुबॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिले.

हा धागा मराठवाड्यात येऊन पोचला. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. तिथे प्राचार्य असलेले डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले होते. कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचा, असे ते नव्या दलित लेखकांना सांगत. लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९६६ मध्ये ऑकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ मध्ये मुंबईत त्या नावाला प्रतिसाद देत दलित पँथर उभी राहिली. उलट दिशेनेही माणसे आली: झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला, गेल ऑम्वेट सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या. शिवाय १९६४ पासून हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकाविषयक अभ्यासाचे संशोधन केंद्र आणि मोठे ग्रंथालय होते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या जालन्याला दिल्लीपेक्षा ते जवळचे.

एवढी शिदोरी असलेल्या प्रदेशातला विद्यार्थी ‘ताठर संविधान’ एवढेच लिहून का थांबावा? बाबासाहेबांनी अमेरिकेकडून काय नाकारले, हेही त्याने जाणून घ्यावे: दुहेरी नागरिकत्व, प्रत्येक राज्याचे वेगळे संविधान, न्यायालयांच्या दोन वेगळ्या उतरंडी. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी अमेरिकेवर लिहिणाऱ्या ब्राइसच्या आधारे सांगितलेली हकिकतही वाचावी. अमेरिकेतल्या एका चर्चने प्रार्थनेत ‘आमच्या राष्ट्राला’ आशीर्वाद मागायचे ठरवले. दुसऱ्याच दिवशी सभासदांना ते जड वाटले आणि त्यांनी तिथे ‘या संयुक्त संस्थानांना’ असे घातले. अमेरिकेलाही राष्ट्र व्हायला वेळ लागला, मग हजारो जातींत विभागलेल्या आपल्याला किती लागेल, हे त्यांना सांगायचे होते. त्याच भाषणात त्यांनी जेफरसनचा आधार घेतला: एका पिढीने पुढच्या पिढीला जखडून ठेवू नये.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय संविधानाची इतर देशांच्या व्यवस्थेशी तुलना हा विषय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आहेच. म्हणजे नोकरीच्या वाटेवरही हे कामाचे आहे. पण मी ते त्यासाठी सांगत नाही. ज्या मराठवाडा विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव मिळाले, आणि ते मिळवण्यासाठी या भागातल्या दलित वस्त्यांनी जाळपोळ सोसली, त्या विद्यापीठातून राज्यशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने त्यांची ही दोन भाषणे मुळातून वाचलेली असावीत, एवढी अपेक्षा रास्त आहे. शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात संविधान सभेतले काम आहे. विद्यापीठाने या दोन भाषणांची स्वस्त मराठी पुस्तिका काढावी, ती घनसावंगी, अंबड, जालन्याच्या महाविद्यालयांत पोचवावी आणि प्राध्यापकांनी अंतर्गत मूल्यमापनाला एकच प्रश्न द्यावा: तुमच्या गावाचा सरपंच थेट निवडावा की सदस्यांनी निवडावा, अमेरिकेचा दाखला देऊन लिहा.