घर पाहावं बांधून



"घर पाहावं बांधून" असं आपल्याकडे म्हणतात. ब्रिटनमध्ये याच विषयावर एक टीव्ही कार्यक्रम पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालत आला आहे. त्याचं नाव ‘ग्रँड डिझाइन्स’. चॅनल फोरवर तो १९९९ मध्ये सुरू झाला. आज आम्ही त्याची माहिती देणार आहोत, कारण घरासाठी कर्ज काढणाऱ्या प्रत्येकीला त्यातून शिकण्यासारखं आहे.

मनाजोगतं घर बांधणारं एक कुटुंब घ्यायचं आणि मोकळ्या जागेपासून राहायला जाईपर्यंत त्याची गोष्ट दाखवायची, अशी याची रीत. निवेदक केविन मॅक्लाउड सुरुवातीलाच विचारतात, पैसे किती आहेत? काम कधी पुरं होईल? मधूनमधून ते बांधकाम पाहायला जातात. शेवटी हिशेब पुन्हा मांडला जातो, आणि पहिल्या आकड्याशी तो बहुतेक वेळा जुळत नाही.

असं का होतं? पाया खणताना जमीन वेगळीच निघते. पाऊस लागतो. खिडक्या वेळेवर येत नाहीत, मग आतलं सगळं काम अडतं. तोवर एकीकडे भाडं आणि दुसरीकडे कर्जाचं व्याज चालूच राहतं. म्हणजे उशीर हाही एक खर्चच आहे.

यातलं एक घर डेव्हन भागात समुद्राकाठच्या कड्यावर, दीपगृहासारखं बांधायला घेतलेलं. दीड वर्षात होईल असा अंदाज होता. २०१९ मध्ये ते दाखवलं, तेव्हाही ते अर्धवट होतं. कर्ज वाढतच गेलं आणि त्याचा ताण संसारालाही सोसला नाही.

याच्या अगदी उलट बेन लॉ यांचं घर. ससेक्सच्या जंगलात लाकूडकाम करून राहणारा हा माणूस. त्यांनी तिथल्याच चेस्टनटच्या झाडांचा सांगाडा उभारला, भिंतींसाठी पेंढ्याचे गठ्ठे रचले. मित्रमंडळी मदतीला आली. खर्च सुमारे २८ हजार पौंड, तिकडच्या मानाने फारच थोडा. आपलं आवडतं घर म्हणून मॅक्लाउड यांनी याचंच नाव घेतलं.

तिसरं उदाहरण ब्रायटन शहराचं. तिथे काही कुटुंबांनी सहकारी संस्था काढून आपली लाकडी घरं मिळून बांधली. वॉल्टर सेगल या वास्तुरचनाकारांनी रूढ केलेली ही पद्धत. बाजारात मिळणाऱ्या मापाचेच तक्ते वापरायचे, कापाकापी कमी, विटा आणि गिलावा जवळजवळ नाही. त्यामुळे कधी करवत न धरलेल्यांनाही ते जमतं.

मैत्रिणींनो, या तीन गोष्टींतून आम्हाला एक कळलं. घर लहान की मोठं, यावर ते पुरं होणं ठरत नाही. जवळ काय आहे, मदतीला कोण आहे आणि अडचणीसाठी बाजूला काय ठेवलंय, यावर ठरतं.

म्हणून गटाकडून किंवा बँकेकडून घरासाठी कर्ज घेण्याआधी बैठकीत तीन गोष्टी कागदावर मांडा. जोत्यापासून दारं-खिडक्यांपर्यंत प्रत्येक टप्प्याचा खर्च. शंभरातले निदान दहा रुपये राखीव. आणि काम सहा महिने लांबलं, तर हप्ता कशातून भरणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, की मगच कुदळ मारा.