खोलीचा वाद आणि स्मॉल कॉज कोर्ट



मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ताई हप्ता भरून कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. चाळीतली पागडीची खोली, भाडेपावती नवऱ्याच्या नावावर. घरमालकाचा माणूस येऊन सांगून गेला, "पावती तुमच्या नावाची नाही, महिनाअखेर खोली सोडा." दुसरीकडे दीर एक कागद पुढे करत होते, "सही कर, खोलीचं मी बघतो." ताई म्हणाल्या, "वीस वर्षं त्या खोलीत पाणी भरलं, पण माझं नाव कुठेच नाही."

आज त्याबद्दलच बोलू या. मुंबईत भाड्याच्या खोलीचा वाद चालतो तो लघुवाद न्यायालयात. आपण त्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतो. हे कोर्ट धोबीतलावला आहे आणि वांद्र्यालाही त्याची शाखा आहे. ते १८८२ च्या कायद्याने चालतं. नावात 'लघु' असलं, तरी भाड्याच्या जागेची किंमत लाखात असो की कोटीत, घरमालक आणि भाडेकरू यांचा वाद तिथेच जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आता ताईंचा प्रश्न. हाच कायदा सांगतो की भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारी घरातली व्यक्ती भाडेकरू ठरते. तशी कुणी नसेल, तर वारसाचा विचार होतो. घरात एकमत झालं नाही, तर कोर्ट ठरवतं. म्हणजे पावतीवर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. तिथे राहत होतो हे मात्र दाखवता आलं पाहिजे. रेशनकार्ड, आधारकार्ड, मतदार यादीतलं नाव, मुलांच्या शाळेचे दाखले, गॅसचं पुस्तक, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. आणि न वाचता, न विचारता कुठल्याही कागदावर सही करू नका, मग तो घरचा माणूस का असेना.

या कोर्टाच्या हातात आणखी काय आहे? घरमालकाने कारण नसताना पाणी किंवा वीज तोडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकतं. वाजवी भाडं ठरवून देऊ शकतं. खोली खाली करून घ्यायची असेल, तर घरमालकालाही कोर्टाचा हुकूमच आणावा लागतो. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं हे त्याच्या माणसाचं काम नव्हे. हुकूम झाला, तर तो कोर्टाचा बेलिफ बजावतो.

भाडं थकलं असेल तर घाबरू नका, पण झोपूनही राहू नका. त्यासाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस गेल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, वर्षाला १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च भरून, पुढचं भाडं नियमित दिलं, तर थकबाकीच्या कारणावरून खोली जात नाही. घरमालक भाडं घेत नसेल, तर मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा आणि त्याचा पुरावा ठेवा. भाडं घेतलं की पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

निकाल विरुद्ध गेला, तर ३० दिवसांत त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांपुढे अपील करता येतं. तारीख चुकवू नका.

काही गोष्टी मात्र या कोर्टाच्या हातात नाहीत. नवऱ्याने घराबाहेर काढलं, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. झोपडीची पात्रता इथे ठरत नाही. लिव्ह अँड लायसन्सने राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली, तर ती परत मिळवायला घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. चुकीच्या दारात उभं राहिलं की महिने वाया जातात. हा कायदा लागू असलेल्या दुसऱ्या शहरांतल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे लघुवाद न्यायालय नसेल, तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात विचारा.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" हे ताईंनीही विचारलं होतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

ताईंनी त्या कागदावर सही केली नाही. गटातल्या दोघी सोबत गेल्या आणि त्यांना मोफत वकील मिळाला. दावा अजून चालू आहे. ताई त्याच खोलीत राहतात आणि हप्ता वेळेवर भरतात.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या खोलीची पावती कुणाच्या नावावर आहे, तेवढं बघून ठेवा.