चालू बोर्डावर करवत

निन्टेंडोच्या ‘वी’ या गेम कन्सोलचा चालता बोर्ड करवतीने कापायचा आणि कापल्यावरही तो सुरू झाला पाहिजे, ही कल्पनाच अघोरी वाटते. पण वीची हातात धरून खेळता येईल अशी आवृत्ती करणाऱ्यांचे खरे काम इथूनच सुरू होते. २००६च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलेले हे यंत्र मुळातही फार मोठे नव्हते: जाडी ४४ मिलिमीटर, रुंदी १५७, लांबी साधारण २१५. आत डिस्क ड्राइव्ह, पंखा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा आणि या सगळ्याखाली बोर्ड. बाहेर १२ व्होल्टचा ॲडाप्टर. एवढ्या पसाऱ्यातून कशावाचून चालेल आणि कशावाचून चालणार नाही, हे ओळखण्यातच सगळे कसब आहे.

चालणार नाही अशा मोठ्या गोष्टी चारच. आयबीएमचा ‘ब्रॉडवे’ हा ७२९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एटीआयची ‘हॉलिवूड’ ही ग्राफिक्स चिप, ६४ मेगाबाइटची मेमरी आणि ५१२ मेगाबाइटची नँड फ्लॅश. यातल्या दोघींचे, म्हणजे हॉलिवूड आणि नँडचे, नाते विलक्षण आहे. कन्सोलचे सॉफ्टवेअर नँडमध्ये कुलूपबंद असते आणि त्याच्या किल्ल्या हॉलिवूडमध्ये कायमच्या कोरलेल्या असतात. प्रत्येक यंत्राच्या किल्ल्या वेगळ्या. त्यामुळे एका वीची नँड काढून दुसऱ्यावर बसवली तर ती काहीच वाचू देत नाही. म्हणून जाणते लोक हत्यार हातात घेण्याआधी ‘बूटमी’ या सॉफ्टवेअरने नँडची आणि किल्ल्यांची पूर्ण प्रत एसडी कार्डावर उतरवून घेतात. हे न करता कापलेला बोर्ड पुढे अडला तर परत फिरायला वाट राहत नाही.

मग कापणी. बोर्ड वरून एकसंध हिरवी पाटी दिसतो, पण आत काचतंतूंच्या थरांमध्ये तांब्याचे पातळ पत्रे दाबलेले असतात. एकातून ग्राउंड जातो, दुसऱ्यातून वीज, तिसऱ्यातून सिग्नल. करवत फिरली की मऊ तांबे ओढले जाते आणि एका थराची कड शेजारच्या थराला चिकटते. बोर्ड शॉर्ट. त्यामुळे रेषेच्या थोडे बाहेरून कापायचे आणि उरलेले कानशीने, मग बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून घासत आणायचे. पाण्याचे कारण वेगळे आहे: काचतंतूंची धूळ फुप्फुसात जाणे चांगले नाही. तोंडाला मास्क लावल्याशिवाय हे काम कुणी करू नये.

घासून झाल्यावर मल्टिमीटर निघतो. प्रत्येक वीजवाहिनी आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजायचा. इथे नवखा माणूस हमखास घाबरतो, कारण ग्राफिक्स चिपच्या वाहिनीवर धडधाकट बोर्डातही मोजकेच ओहम दिसतात. काटा जवळपास शून्यावर पाहून ‘गेला बोर्ड’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. बोर्ड गेलेला नसतो. कापण्याआधी घेतलेले आकडे वहीत असतील, तरच हा फरक कळतो.

कापलेल्या भागाबरोबर मूळचे वीजपुरवठ्याचे मंडळही गेलेले असते. आता चार वेगवेगळे दाब बाहेरून पुरवायचे: ग्राफिक्स चिपला १ व्होल्ट, प्रोसेसरला १.१५, मेमरीला १.८ आणि बाकीच्यांना ३.३. त्यासाठी छोटी रेग्युलेटर पाटी लागते. जाड तारा या दाबांसाठी आणि यूएसबी, व्हिडिओ, आवाज यांच्यासाठी केसासारखी बारीक एनॅमल तार. मोटार रिवाइंडिंगवाल्यांकडे असते तशीच, पण त्याहून कितीतरी पातळ. सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डावरचे एखादे टोक खरवडायचे, त्यावर टाचणीच्या डोक्याहून लहान सोल्डरचा थेंब ठेवायचा आणि तार टेकवायची. यूएसबीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या आणि आखूड हव्यात, नाहीतर पेनड्राइव्ह दिसतो आणि मध्येच नाहीसा होतो. कापणी फारच आत नेली, तर रीसेटचा इशारा देणारी ‘यू १०’ नावाची इवलीशी चिपही उचलून दुसरीकडे बसवावी लागते. तिच्याशिवाय बोर्डाला वीज मिळते, पण तो जागा होत नाही.

या खटाटोपाला परंपरा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या बेंजामिन हेकेंडॉर्नने २०००मध्ये अटारी २६०० हा १९७७चा कन्सोल हातात मावेल असा करून दाखवला आणि पुढे २००५मध्ये या कलेवर पुस्तकच लिहिले. अटारीत जेमतेम १२८ बाइट मेमरी आणि मोजक्या चिपा होत्या. त्या मानाने वी हे फार गुंतागुंतीचे प्रकरण आहे.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत जो ‘टीव्ही गेम’ आला, त्याचा इथे जवळचा संबंध लागतो. तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या जुन्या फॅमिकॉमची नक्कल असे. पुढच्या नकलांमध्ये प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप यांचे काम एकाच चिपमध्ये कोंबलेले असे आणि तिच्यावर काळ्या रेझिनचा गोळा. अशा यंत्राला खिशात घालणे सोपे, कारण कारखान्याने ते आधीच लहान करून ठेवले होते. वीच्या बाबतीत हा उपकार कुणी केलेला नाही. मूळच्याच चिपा ठेवायच्या आहेत, त्यामुळे त्यांच्याभोवतीचे सारे काढून टाकणे एवढाच मार्ग उरतो.

पुढचा शत्रू उष्णता. कापलेल्या तुकड्यावर तांब्याची पट्टी बसवून शेजारी लहानसा पंखा लावतात. काही जण चिपांना ठरलेल्यापेक्षा किंचित कमी व्होल्टेज देऊन पाहतात. तेवढ्याने वापर उतरतो, यंत्र थंड राहते आणि सेलही जास्त टिकतात. १८६५० जातीचा एक चांगला लिथियम सेल सुमारे १० वॉट-तासांची ऊर्जा साठवतो. यंत्र १० वॉट खात असेल, तर दोन सेलांवर दोन तास. याहून जास्त हवे असेल तर जाडी वाढते. हौशी माणूस अर्धा मिलिमीटर वाचवायला रात्ररात्र जागतो, तो या हिशेबापायी.

लहान करण्याची ही चढाओढ कुठवर गेली आहे? कुणी पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत वी बसवला. २०२४मध्ये ‘कावाई’ या नावाने जगापुढे आलेला वी तर ६० मिलिमीटर लांब, ६० रुंद आणि १६ जाड होता. त्यात सेल नाही, पंखाही नाही; ॲल्युमिनियमचे कवचच उष्णता बाहेर टाकते. कारागिरी म्हणून तो अचाट आहे. पण खेळायच्या दृष्टीने पाहिले, तर पडदा, बटणे आणि सेल सांभाळून हातात नीट बसणारे, थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या कवचातले थोडे मोठे यंत्रच सरस ठरते.

एवढे करण्यापेक्षा फोनवर ‘डॉल्फिन’ इम्युलेटर टाकला तर? तोही उत्तम आहे आणि त्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण तिथे एक यंत्र दुसऱ्याची नक्कल करत असते. इथे २००६ची चिप स्वतः काम करते, आणि वीची नाळ गेमक्यूबशी जुळलेली असल्याने २००१च्या त्या कन्सोलचे गेमही ती नकलेशिवाय चालवते. निन्टेंडोने जपानमध्ये वीची दुरुस्ती २०२०मध्येच थांबवली. फिरते भाग आधी झिजतात. ड्राइव्ह मरतो आणि ठणठणीत बोर्ड त्याच्याबरोबर भंगारात जातो. कापून लहान केलेल्या वीला ड्राइव्ह लागतच नाही, गेम यूएसबीवरून चालतात. म्हणून ही कापणी नासधूस नव्हे, दुरुस्तीचाच एक प्रकार आहे.

मात्र ज्यांना हे करून पाहायचे असेल, त्यांनी धडधाकट वीला हात लावू नये. ड्राइव्ह बिघडलेला कन्सोल शोधावा, आपल्या डिस्कवरचे गेम दुसऱ्या चालत्या यंत्रावर उतरवून घ्यावेत आणि नँडची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवूनच करवत उचलावी.