गॅलरीतली काकडी आणि आकाशातला सूर्य

काकडीच्या एका वेलाने मला नापास केले आहे. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवता शिकवता माझी अठरा वर्षे सरली, तरी ही गोष्ट मी वर्गात मोकळेपणाने सांगतो. कारण ज्या प्रश्नात मी चुकलो तो प्रश्न दहावीच्या भूमितीचा होता.

झाले असे. आमचे घर पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी दक्षिणेला. जानेवारीत तेथे इतके ऊन येई की सतरंजी टाकून बसावेसे वाटे. मनात आले, येथे काकडीचा वेल लावावा. परंतु परीक्षा, पेपर तपासणे यांत दिवस गेले आणि बी पडले ते मे महिन्याच्या सुट्टीत. बी उगवले, वेल वाढलाही, पण कसा? खोड सुतासारखे बारीक, दोन पानांमधले अंतर वीतभर, पाने फिकट. फुले आली ती मोजकी, आणि आली तशी गळून गेली. काकडी एकही नाही. खत कमी पडले असेल म्हणून खत घातले. पाणी कमी पडले असेल म्हणून पाणी वाढवले. शेवटी एका दुपारी सहज खाली पाहिले. कुंडीला सावलीच नव्हती. कुंडीवर ऊन पडले तर तिला सावली असणार!

विद्यार्थी मित्रांनो, आता हा प्रश्न आपण नीट सोडवू.

सूर्य किती उंच?

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस २३.५ अंशांवर असतो. म्हणून मध्यान्ही पुण्याच्या दक्षिण क्षितिजापासून त्याची उंची ९० − १८.५ − २३.५ = ४८ अंश एवढी असते. २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, तेव्हा ही उंची ९० − १८.५ = ७१.५ अंश होते. आणि २१ जूनला? सूर्य २३.५ अंश उत्तरेस, म्हणजे पुण्याच्याही उत्तरेस ५ अंश. त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीत तो डोकावणार कसा?

याहून पुढची गोष्ट अशी की, साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेलाच राहतो. या काळाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा दिवस म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेले ‘शून्य सावली’चे दोन दिवस. मी बी पेरले ते नेमके या काळाच्या तोंडावर.

आता गॅलरीचे माप घेऊ. वरच्या स्लॅबची कड जमिनीपासून २.७ मीटर उंच आणि कठडा १ मीटर उंच आहे असे समजा. सूर्याची उंची ४८ अंश असताना टॅन ४८° = १.११. स्लॅबच्या कडेला चाटून येणारा किरण जमिनीवर २.७ ÷ १.११ = सुमारे २.४ मीटर आत पडेल. कठड्याला चाटून येणारा किरण १ ÷ १.११ = ०.९ मीटर आत पडेल. म्हणजे डिसेंबरात ऊन या दोन रेषांच्या मधे पडते, आणि कठड्याला टेकून जमिनीवर ठेवलेली कुंडी भर उन्हाच्या दिवशीही सावलीतच राहते! ती स्टुलावर चढवून कठड्याच्या उंचीला आणली की उन्हात येते. २१ मार्चला टॅन ७१.५° = २.९९. कठड्याच्या उंचीवर आता ऊन १.७ ÷ २.९९ = सुमारे ०.५७ मीटर एवढेच आत येते. तेव्हा मार्चमध्ये वेल कठड्यालगत हवा.

हे गणित तुमच्या घरासाठी तुम्हीच करा. गावाचा अक्षांश नकाशात सापडेल, उंची टेपने मोजता येईल. गॅलरी पूर्वेला असेल तर सकाळचे ऊन वर्षभर मिळते. पश्चिमेला असेल तर दुपारनंतरचे, जरा कडक. उत्तरेच्या गॅलरीने मात्र हिवाळ्यात काकडीची आशा धरू नये.

डोळा फसवतो, पान फसत नाही

तुम्ही म्हणाल, ऊन नसले तरी खोलीत उजेड भरपूर असतो की! येथेच डोळा आपल्याला फसवतो. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १,००,००० लक्स असते. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत ती २०० ते ५०० लक्स असते. म्हणजे फरक काहीशे पटींचा. पण डोळ्याची बाहुली अंधारात मोठी होते, उजेडात आक्रसते. शिवाय आतला पडदाही आपली संवेदनक्षमता बदलतो. त्यामुळे एवढा मोठा फरक आपल्याला ‘थोडे मंद’ इतकाच जाणवतो. पानाला बाहुली नाही. त्यावर जितका प्रकाश पडेल तितक्यावरच त्याला साखर तयार करावी लागते.

खिडकीपासून कुंडी थोडी आत सरकवली तर काय होते तेही पाहा. १ मीटर लांब, १ मीटर रुंद खिडकी घ्या आणि कुंडी तिच्यापासून २ मीटर आत ठेवा. कुंडीभोवती २ मीटर त्रिज्येचा अर्धगोल कल्पिला तर त्याचे क्षेत्रफळ २πr², म्हणजे सुमारे २५ चौरस मीटर. त्यात खिडकी १ चौरस मीटर. म्हणजे रोपाला अर्ध्या गोलाच्या पंचविसाव्या भागातून आकाश दिसते. तेच रोप खिडकीच्या अगदी तोंडाशी ठेवले तर जवळजवळ अर्धे आकाश त्याच्या वाट्याला येते. दोन मीटरांच्या अंतराने प्रकाश सुमारे बारा पटींनी घटला! प्रकाश कमी पडला की रोप आपली शक्ती खोड लांबवण्यात घालवते. प्रकाश कोठे तरी वर असेल, तेथे पोहोचावे, असा त्याचा खटाटोप असतो. माझा वेल सुतासारखा झाला तो यामुळे.

पेरणी केव्हा व कशी?

काकडीला २५ ते ३० अंश सेल्सिअसचे तापमान मानवते. डिसेंबरात ऊन आत येते, परंतु रात्री फार थंड. मेमध्ये उष्णता आहे, परंतु दक्षिणेच्या गॅलरीत ऊन नाही. दोन्हींचा मेळ बसतो तो जानेवारीच्या अखेरीस पेरले तर. सुमारे दीड महिन्यात काकड्या धरू लागतात, आणि एप्रिलमध्ये ऊन गॅलरीबाहेर सरकण्यापूर्वी वेलाचे काम आटोपते. आपल्याकडचे शेतकरी उन्हाळी काकडी जानेवारी-फेब्रुवारीतच लावतात, हे मला नंतर सुचले.

दहा-बारा लिटरची जुनी बादली घ्या व तिच्या बुडाला पाचसहा भोके पाडा. माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून भरा. बी एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. ‘पुना खिरा’ किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘हिमांगी’ असे बी चालेल. आठवड्याभरात कोंब दिसतो. एका बादलीत एकच जोमदार रोप ठेवा.

हिरवी स्प्रिंग

वेल हातभर झाला की पानांच्या बगलेतून दोऱ्यासारखे तणावे निघतात. तणाव्याचे टोक हवेत हळूहळू गोल फिरत असते, जणू आंधळा माणूस काठीने चाचपतो आहे. सुतळीचा स्पर्श झाला की ते तिला विळखा घालते. (जाड बांबूभोवती कोवळ्या तणाव्याचा विळखा नीट बसत नाही, म्हणून सुतळीच बांधावी.) त्यानंतर टोक आणि वेल यांमधला भाग गुंडाळत जातो, त्याची स्प्रिंग होते आणि वेल सुतळीकडे ओढला जातो.

ही स्प्रिंग जवळून पाहा. अर्धे वेढे एका दिशेने, अर्धे उलट दिशेने, आणि मधे एक सरळ सांधा! असे का? एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाचे तणाव्यांवरील १८५८ सालचे टिपण वाचून चार्ल्स डार्विन या विषयाकडे वळला. ग्रे यांनी पाठवलेल्या बियांपासून त्याने काकडीच्याच कुळातला एक जंगली वेल वाढवला आणि तासन् तास त्याचे निरीक्षण केले. त्याचा निबंध १८६५ साली व पुस्तक १८७५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे स्पष्टीकरण साधे आहे. तणाव्याची दोन्ही टोके आता पक्की आहेत, ती स्वतःभोवती फिरू शकत नाहीत. एका दिशेने वेढा पडला की तेवढा पीळ बसतो. तो फेडायला उलट दिशेचा वेढा हवाच. दोन्हींची बेरीज शून्य!

याचा प्रयोग घरी होतो. भेटवस्तूला बांधतात ती चकचकीत प्लॅस्टिकची फीत घ्या. कात्रीच्या बोथट कडेवरून ओढून ती कुरळी करा. दोन्ही टोके घट्ट धरून ताणा आणि टोके फिरू न देता हळूहळू जवळ आणा. मधल्या सांध्यासह उलटसुलट वेढे तुमच्या हातात तयार होतील.

पण मुळात तणावा वळतो कशामुळे? २०१२ साली हार्वर्ड विद्यापीठात एल. महादेवन यांच्या गटाने काकडीच्या तणाव्यांचा अभ्यास केला. तणाव्याच्या आत तंतुपेशींची एक पट्टी असते. तिची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक आक्रसते आणि पट्टी वळते. त्यांना एक नवल आढळले: जून झालेला तणावा ओढला तर त्याचे वेढे सुटण्याऐवजी आधी वाढतात! म्हणून हलक्या झुळकीला ही स्प्रिंग सहज दबते, आणि सोसाट्याच्या वाऱ्याला ताठ होऊन वेलाला धरून ठेवते.

मधमाशीचे काम तुमच्याकडे

काकडीच्या वेलावर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी असतात. आधी नर फुले येतात, तेव्हा ती गळाली म्हणून घाबरू नका. मादी फूल ओळखणे सोपे आहे: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढी, किंवा त्याहूनही लहान, काकडी असते. उष्णता फार वाढली की नर फुलांचे प्रमाण वाढते. मेमधली पेरणी चुकण्याचे हे आणखी एक कारण.

फार वरच्या मजल्यांवर आणि जाळी लावलेल्या खिडक्यांत मधमाश्या कमीच येतात. मग त्यांचे काम आपण करावे. सकाळी ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढा, आणि परागांचा भाग मादी फुलाच्या मधोमध असलेल्या किंजल्कावर हलकेच टेकवा. मऊ कुंचलाही चालतो. आजचे फूल उद्यापर्यंत टिकत नाही, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. परागण अपुरे झाले तर काकडी एका टोकाला बारीक, वेडीवाकडी होते. परागणाशिवाय फळ धरणाऱ्या जातीही आहेत. हरितगृहांत त्यांचीच लागवड होते.

पाणी जाते कोठे?

काकडीत वजनाने सुमारे ९५ टक्के पाणी असते. पण वेल पितो त्यातले बहुतेक पाणी पानांवाटे हवेत जाते. बादलीचे तोंड प्लॅस्टिकच्या कागदाने खोडाभोवती झाका, म्हणजे मातीतली वाफ बाहेर जाणार नाही. सकाळी व संध्याकाळी बादलीचे वजन करा. फरक तो पानांनी सोडलेल्या पाण्याचा.

हे पाणी वाया जाते का? १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. १ लिटर पाणी गेले तर २४ लाख जूल. भर दुपारचे ऊन १ चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे १,००० जूल आणते. म्हणजे ४० मिनिटांच्या उन्हाएवढी उष्णता त्या पाण्याने वाहून नेली! माठाचे पाणी गार होते त्याच नियमाने पान गार राहते. पाण्याची आबाळ झाली की वेल मलूल होतोच, शिवाय काकडी कडू होण्याचा संभव वाढतो. फार कडू लागलेली काकडी खाऊ नये, टाकून द्यावी.

पुढच्या वर्षी मी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पेरले, कुंडी स्टुलावर ठेवली आणि कठड्यापासून छतापर्यंत सुतळ्या बांधल्या. मार्चच्या मध्यास पहिली काकडी मिळाली. एकूण सात मिळाल्या. बाजारात त्यांची किंमत फारशी झाली नसती. परंतु त्या सात काकड्यांनी मला फळ्यावरचा कोन आणि गॅलरीतले ऊन एकच आहे हे शिकवले.

तुम्ही बी पेरण्यापूर्वी एक काम करा. गॅलरीच्या जमिनीवर खडूने दर रविवारी दुपारी साडेबारा वाजता उन्हाची कड आखा व शेजारी तारीख लिहा. दोन महिन्यांनी त्या रेषा पाहा. सूर्य कोठे चालला आहे आणि तुमच्या काकडीला तो किती दिवस भेटणार आहे, हे त्या रेषाच सांगतील.